न थरथरणारी गाडी

आमच्या गल्लीत देव न मानणारी माणसं होती, सरकारला शिव्या देणारी तर घरटी एक होती. पण कवळीकरांच्या मोटारसायकलला नावं ठेवायला कुणी धजत नसे. भीती कुणालाच नव्हती, फक्त तेवढा वेळ कुणापाशी नव्हता. एकदा का कुणी म्हटलं, "ही जरा आवाज करते, नाही?" की कवळीकर हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याचं जेवण गार होईपर्यंत बोलत.

"आवाज? ताई, आवाज हिला आहे. बाकीच्या गाड्यांना खोकला आहे."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की कुणी झोपेतून उठवलं असतं तरी योग्य जागी श्वास घेऊन म्हणून दाखवलं असतं. अर्धा जन्म नाटकात गेला माझा. दुसऱ्याची वाक्यं पाठ होणं हा त्या धंद्यातला जुना आजार आहे.

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि हे त्या मापावर दात बसवून देत. गल्लीने त्यांचं कवळीकर करून टाकलं आणि पुढे पोस्टमनसुद्धा खरं आडनाव विसरला. तळमजल्यावर पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि त्यांच्या डोक्यावर मी. डोक्यावर म्हणजे पहिल्या मजल्यावर. तशी मी त्यांच्या डोक्यावर बसले नाही कधी. ते काम वहिनींचं होतं, आणि त्यांनीही ते फार उशिरा मनावर घेतलं.

माझ्या तोंडातले सगळे दात कवळीकरांचे आहेत. शेवटचा स्वतःचा दात गेला तेव्हा मला वाटलं, संपलं, आता शब्दही गेले. दात नसलेली नटी म्हणजे तारा नसलेलं वाद्य. कवळीकरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "ताई, शब्द परत आणतो. पण घाई करायची नाही." मग त्या माणसाने मला इतक्या वेळा 'संशय', 'शाश्वत', 'सासूचा साडूसुद्धा' असलं म्हणायला लावलं, की आमच्या कुठल्या दिग्दर्शकाने लावलं नसेल. एक दात केसाएवढा बाहेर होता. मी म्हणे, "जाऊ द्या हो, कळत नाही कुणाला." तर चिडले. "कळत नाही? तोंडात केस आला तर कळतो ना? मग?" दिव्यावर सुरी तापवली, मेण मऊ केलं, दात केसाएवढा आत घेतला. आणि खरंच, माझा 'स' परत आला; पहिल्यापेक्षा जरा तरुणच होऊन आला.

असा हा माणूस. केसाएवढी चूक सहन न होणारा. आणि त्याच्या दारात उभी असायची ती गाडी, जिचा एकही भाग दुसऱ्या भागाशी बोलत नव्हता.

गाडी जुन्या नामांकित कंपनीची. आजोबांच्या काळापासून तीच गाडी, तोच आकार, तीच टाकी आणि टाकीवर पितळी घोडा. घोडा टाकीवर बसलेला आणि ओढायला माणसं, असा सगळा मामला होता. वजन एवढं, की उभी करायला एक माणूस लागे आणि आडवी झाली तर गल्ली. सुरू करायची म्हणजे आधी दोनदा हळू किक, मग एकदा थांबून कानोसा, मग मनातल्या मनात काहीतरी पुटपुटून सगळं अंग झोकून एक सणसणीत किक. कवळीकरांचा उजवा गुडघा याच भक्तीत कामी आला. फार थरथरते असं कुणी म्हटलंच, तर "ही हलत नाही, रस्ता हलतो" हे उत्तर तयार असे. गाडीखाली ऑइलचे थेंब पडत, म्हणून प्लास्टर कालवायची एक वाटी कायम खाली ठेवलेली असे.

"गळत नाही ती. घाम येतो तिला."

"आणि मला येतो त्याला काय म्हणायचं?" वहिनी आतून विचारत. जमिनीवरचे डाग पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. प्लास्टरचे साचे ओतणं, तयार कवळीला घासून चमक आणणं, बाजूचे दात लावणं, हेही त्यांच्याकडेच होतं. पण पुढचे दात मात्र कवळीकर स्वतः लावत. पुढचे दात म्हणजे कारागिराची सही, असं त्यांचं म्हणणं. घरात सही करायचा हक्क एकालाच होता.

रविवारी या गाडीवाल्यांचं मंडळ जमे. चौकातल्या चहाच्या दुकानासमोर अशा सात-आठ गाड्या तिरप्या उभ्या राहत आणि मालक त्यांच्याकडे शाळेत पहिल्या आलेल्या पोरांकडे बघावं तसे बघत बसत. या मंडळाचा एक अलिखित नियम होता. आपल्या कंपनीची गाडी कधी 'बंद पडली' असं म्हणायचं नाही. ती 'विसावते'. सगळे मिळून फिरायला निघाले आणि एकाची विसावली, की बाकीचेही थांबत, आणि जागा कसलीही असो, ती फार सुंदर आहे असं ठरत असे. एकदा हे सगळे कचरा डेपोच्या भिंतीशी जवळजवळ दुपारभर निसर्ग बघत बसले होते. वहिनी होत्या बरोबर. मला म्हणाल्या, "ताई, संसाराचा गाडा ओढावा लागेल एवढं माहेरी सांगितलं होतं. मोटारसायकल ढकलावी लागेल हे कुणी बोललंच नव्हतं."

आता मेणाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या मेणावर उभं आहे.

कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी दात मेणात बसवतात, ते पेशंटच्या तोंडात घालून बघतात, डॉक्टर बरं म्हणाले की मग मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला येतो. ही मेणाची ट्रायल कवळीकर स्वतः डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन जात. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. डबा एका चामडी पिशवीत घालून टाकीला अडकवलेला, इंजिनाच्या अगदी वर. आणि इथे त्यांचं एक खास तंत्र होतं. पुढचे वरचे चार दात ते मापापेक्षा किंचित आत लावत.

"का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"मेण मुरतं, ताई. इथून तिथे पोचेपर्यंत मुरतं आणि दात आपोआप जागेवर येतात. हे पुस्तकात नाही सापडणार. हे हाताला कळतं."

खरंच येत. डॉक्टरीणबाई दुसऱ्या कुणाची ट्रायल बघताना कपाळाला आठ्या घालत. कवळीकरांची बघताना नुसतं "हं" म्हणत. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे आमच्याकडे प्रेक्षकांनी उभं राहावं तसं. परत येताना मात्र कवळीकर डब्यात गार पाणी भरून आणत. विचारलं तर म्हणत, "आता मुरून झालंय. आणखी कशाला मुरवायचं?"

फक्त एकदा मेण मुरलं नव्हतं. गाडी विसावली होती आणि वहिनी डबा मांडीवर घेऊन बसने गेल्या होत्या. ट्रायल चुकली. दात आत. कवळीकरांनी निकाल दिला, "तू डबा आपटलास." वहिनी म्हणाल्या, फुलासारखा नेला. पण आरोपीचं कोण ऐकतो! त्यानंतर त्यांच्या हातात डबा म्हणून दिला नाही. वर्षं लोटली, तरी घरात काही फुटलं, सांडलं, उतू गेलं की कवळीकर खालच्या पट्टीत म्हणत, "बस." एवढंच. एका शब्दात एवढा अपमान बसवणारे लेखक मी रंगभूमीवर फार पाहिले नाहीत.

मग कंपनीने नवी गाडी काढली.

जाहिरातीत तोच आकार, तीच टाकी, तोच पितळी घोडा. पण बटण दाबलं की सुरू, ऑइलचा थेंब नाही, आणि जुनी गाडी दिली तर सवलत. मंडळात दोन तट पडले. मंडळाचे पुढारी होते चौकातले न्हावी. त्यांचं म्हणणं, जुनी सोडणं म्हणजे बेइमानी. कवळीकरांचा गुडघा मात्र वेगळा विचार करत होता. आणि गुडघ्याने ठरवलं की डोकं कारण शोधतंच.

"निष्ठा गाडीवर नसते," कवळीकर मला समजावत होते, "कंपनीवर असते. कंपनी म्हणते नवी घ्या, तर नवी घेणं हीच निष्ठा."

"आणि उद्या कंपनी म्हणाली शिलाई मशीन घ्या, तर?"

"तर ते भक्कम असेल, ताई."

गाडी आली. जुनी शोरूमच्या काचेमागे गेली, गळ्यात हार घालून. माणसाला निवृत्त करताना करतात तसं. पहिल्या रविवारी कवळीकर नवी घेऊन चौकात गेले, आणि ते आल्याचं कुणाला कळलंच नाही. शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा न्हावी दचकले.

"कवळीकर, चालत आलात?"

"गाडीवर आलो."

"सुरू करून?"

मंडळ हसलं. न्हाव्यांनी टाकीला कान लावला. "अरे, हिचा जीव आहे कुठे? ही गाडी आहे का देवघरातली समई? घोडा तरी खरा आहे का, का रंगवलाय?"

"कंपनी तीच आहे," कवळीकर म्हणाले.

"तीच हो. मुलगी त्याच घरातली, पण सासरी जाऊन वळण बदलल्यासारखी वाटते."

कवळीकर हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी नव्या गाडीखाली प्लास्टरची वाटी ठेवली. सकाळी वाटी कोरडी. दुसऱ्या सकाळी कोरडी. तिसऱ्या दिवशी ते मिस्त्रीकडे जाऊन म्हणाले, हिच्यात ऑइलच नाही बहुतेक. मिस्त्रीने बघितलं, ऑइल काठोकाठ. तरी ते अस्वस्थच. रविवारी सकाळी पाने घेऊन नटबोल्ट आवळत बसायची वर्षानुवर्षांची सवय. आता पाने काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. घट्ट करायला काही सैल असावं लागतं ना!

आणि मग दात आत जायला लागले.

पहिली ट्रायल आली, डॉक्टरीणबाई "हं" म्हणाल्या नाहीत. दुसरी आली, त्यांनी आठ्या घातल्या. तिसरी होती एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. त्यांनी ट्रायल तोंडात घातली, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "शाळा सुटली का?" आणि प्रत्येक 'श'ला आणि 'स'ला बारीक शिट्टी वाजली. बाईंनी नोकरीभर गळ्यात शिट्टी बाळगली होती, पण ती बाहेर असायची. त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मला आता नातवंडं घाबरायची सोडून रांगेत उभी राहतील."

कवळीकरांनी दात पुन्हा लावले. पुन्हा शिट्टी. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावून दार लावलं. बाहेर आले तेव्हा चेहरा प्लास्टरसारखा. शहरात एक नवी लॅब निघाली होती. मशीनवर दात करणारी, माणूस पाठवून डबे नेणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं दुसरीकडे बघितलं नाही, कवळीकर. पण मुख्याध्यापिकाबाईंची ट्रायल पुन्हा चुकली, तर माझं सगळं काम तिकडे जाईल. माझाही नाइलाज आहे."

कारखाना चालायचा तो डॉक्टरीणबाईंच्या कामावर. आणि कामापेक्षाही, हात गेला असं म्हणणार होते लोक. कारागिराचा हात गेला म्हणजे नटाचा आवाज गेला. आम्हा लोकांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग शोध सुरू झाला. कवळीकरांनी मेण बदललं. मेण निर्दोष निघालं. प्लास्टर बदललं. डॉक्टरीणबाईंची मापं चुकताहेत असं ठरवलं, मग हवा बदलली आहे असं ठरवलं. वहिनींनी साचा नीट ओतला नाही असं तर दोनदा ठरवलं. एकदा माझी कवळी काढायला लावून उलटसुलट बघितली, जणू मी फितूर आहे. संशयाच्या फेऱ्यातून घरातलं मांजरसुद्धा सुटलं नाही. सुटली फक्त दारातली गाडी. ती कंपनीची होती.

एका दुपारी वहिनी वर आल्या. हातात पदराखाली डबा.

"ताई, एक विचारू? हसू नका. हे दात आत आहेत ना, तसेच त्या दिवशी होते. बसमधून नेले तेव्हा. अगदी असेच."

"मग?"

"मी तेव्हा डबा आपटला नव्हता. आपटला असता तर दात कुठेही गेले असते. पण ते सरळ आत होते, यांनी लावले तसेच." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "काल यांच्या नकळत जाण्याआधी दोरा लावून बघितला आणि आल्यावर लावून बघितला. दात जसे गेले तसे आले. केसाचाही फरक नाही."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलले आणि इतकी हसले की स्वतःची कवळी हाताने धरावी लागली. वहिनी हसत नव्हत्या. इतक्या वर्षांची 'बस' त्यांच्या घशात अडकली होती.

आम्ही दोघी खाली गेलो. कवळीकर दिव्यापाशी, चिमट्यात दात धरून.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पुढचे दात आत का लावता?"

"हे काय विचारणं झालं? मेण मुरतं म्हणून."

"टेबलावर का नाही मुरत?"

"प्रवासात मुरतं."

"बसमध्ये का नाही मुरलं?"

"तू आपट..."

"मी आपटला नाही. आणि आता तर तुम्हीच नेताय. फुलासारखं नेता. मग आता का मुरत नाही?"

चिमट्यातला दात तसाच अधांतरी. कवळीकर माझ्याकडे वळले. बुडत्याने काडीकडे बघावं तसे.

"ताई, तुम्ही बसला होतात जुन्या गाडीवर. देवाची शपथ घेऊन सांगा. थरथरत होती?"

आता खोटं बोलायचं तर मला जड नव्हतं, तोच धंदा होता माझा. पण वहिनी बघत होत्या.

"कवळीकर," मी म्हटलं, "तुम्ही मला प्रयोगाला सोडलं होतं, आठवतं? म्हातारीचं काम होतं माझं. गाडीवरून उतरले ती थेट रंगमंचावर गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, बाईंच्या हातांचा आणि ओठांचा कंप इतका अस्सल होता की अंगावर काटा आला. मी पहिला अंक संपेपर्यंत थांबवायचा प्रयत्न करत होते हो तो कंप!"

कवळीकरांनी चिमटा खाली ठेवला. दिवा विझवला, चपला घातल्या आणि गाडीवर बसून गेले. जाताना आवाजही आला नाही. रागाने निघून जायचं म्हटलं तरी नवी गाडी साथ देईना.

ते गेले शोरूममध्ये. तिथलं मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि मान खाली घालून सांगितलं. आधी त्यांनी तिथल्या माणसाकडे तक्रार केली की नव्या गाडीत काहीतरी कमी आहे. काय कमी आहे? तर थोडी हालचाल. जुनीसारखी. तो माणूस गोंधळला. म्हणाला, "साहेब, ती काढायला तर कंपनीची इतकी वर्षं गेली. परत कशी घालणार?" मग त्याला वाटलं जुने ग्राहक आहेत, मन राखावं. म्हणून त्याने काचेमागची हारवाली जुनी गाडी सुरू करून दाखवली आणि स्वतः बाजूला झाला.

आणि कवळीकरांनी ती सुरू असताना पहिल्यांदा दुरून बघितली. आजवर ते कायम तिच्यावर बसलेले. ती हलायची तेव्हा तेही हलायचे, दोघांच्या मधलं अंतर कधी बदललंच नाही. आता ते स्थिर होते आणि ती एकटीच हलत होती. आरसे दिसेनासे झाले. गळ्यातल्या हाराची फुलं एकेक करून गळायला लागली. शेजारच्या टेबलावर जाहिरातीच्या पत्रकांचा गठ्ठा होता, तो सरकत सरकत कडेला आला आणि खाली पडला. 'अढळ विश्वास' असं छापलं होतं त्यावर, मोठ्या अक्षरात.

इंजिनाच्या उबेने मऊ झालेल्या मेणातले दात पुढे सरकवत होती ती हीच थरथर. म्हणजे तोंड जन्मभर 'ही हलत नाही' म्हणत होतं, आणि हात रोज तेवढी हालचाल धरून दात आत लावत होता. खोटं फक्त तोंडाला जमलं. हाताला कधी जमलं नाही. मला विचाराल तर त्यांच्यातला कारागीर प्रामाणिक होता, मालक नव्हता. आणि एका देहात दोघं इतकी वर्षं सुखाने नांदत होते, कारण मधल्या खड्ड्यात घालायला वहिनी होत्या.

मग घरी आले. वहिनींनी जेवायला वाढलं, खाल्लं. हात धुऊन कारखान्यात जाऊन बसले आणि बऱ्याच वेळाने दारात येऊन म्हणाले, "मुख्याध्यापिकाबाईंचे पुढचे दात तू लाव."

"मी?"

"मी सरळ लावायला बसलो तरी हात आतच जातोय. चारदा करून बघितलं." आणि मग, भिंतीकडे बघत, "तू आपटला नव्हतास डबा."

वहिनींनी त्याच संध्याकाळी दार लावून घेतलं. कवळीकर बाहेर ओट्यावर, नव्या गाडीकडे पाठ करून. मी वरून बघत होते. पडद्यामागे पहिल्यांदा मोठं काम मिळालेल्या पोरीसारख्या वहिनी दिसत असतील, असं मला वाटत होतं. पण दार उघडलं तेव्हा त्या नुसत्या हात पुसत होत्या, भांडी घासून उठल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून दवाखान्यात गेले. वहिनींनीच म्हटलं होतं, चला, धीर येईल. त्या कवळीकरांच्या मागे बसून आल्या, डबा मांडीवर. उतरल्या तेव्हा केस जागच्या जागी होते. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. दोनदा हात लावून बघितला.

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत. चेहरा असा, की आज सगळ्यांनाच नापास करायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी ट्रायल बसवली. बाईंनी आरसा घेतला, ओठ मिटले, उघडले आणि दवाखान्याबाहेर ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "शिपाई, सहावीच्या सगळ्या शहाण्यांना सोमवारी साडेसातला शाळेत हजर राहायला सांग."

शिट्टी नाही. एकही नाही. प्रत्येक 'स' धुतलेल्या काचेसारखा. बाहेर बसलेला एक पेशंट तर खरोखर उभा राहिला.

डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हं."

आणि मागे वळून, "कवळीकर, तुमचा हात परत आला. कुठे गेला होता हो इतके दिवस?"

आम्ही नाटकवाले ज्याला विराम म्हणतो, तो तिथे पडला. असा विराम लेखकाला लिहिता येत नाही. कवळीकरांनी तोंड उघडलं. मी त्यांना ओळखते. त्या तोंडात काय येऊ घातलं होतं ते मला दिसत होतं. एक तर 'कारागिराचा हात कुठे जात नाही' हे, नाहीतर 'ही नवी गाडी काय आहे ना, डॉक्टर' हे. श्रेय स्वतःला, नाहीतर कंपनीला. तिसऱ्या कुणाला दिल्याचा इतिहास नव्हता. वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या. वर बघितलंसुद्धा नाही त्यांनी. पण झाकण लावून झालं होतं आणि त्या ते परत लावत होत्या.

"हात हिचा आहे," कवळीकर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली केला. "म्हणजे?"

"पुढचे दात हिने लावलेत. आधीचे मी लावले होते. ते चुकले." एवढं सोसवलं नाही त्यांना. लगेच छाती पुढे आली. "गाडी मात्र माझी आहे. नवी. जराही हलत नाही."

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "हलत नाही तर आणली कशी?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या वहिनींकडे बघत होत्या. इतकी वर्षं कवळीकरांच्या आड ही बाई होती, हे जणू आत्ता दिसल्यासारखं. "तुम्ही या इकडे," त्या म्हणाल्या. "आणखी तीन मापं आहेत. तुम्हालाच समजावून सांगते. खालचा जबडा जरा अवघड आहे एकाचा."

वहिनी पुढे झाल्या. कवळीकरही सवयीने पुढे झाले.

"तुम्ही थांबा ना बाहेर, गाडीपाशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झालं की डबे न्यायचेच आहेत तुम्हाला."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. इतकी वर्षं सही करणारा, आणि एका वाक्यात डबे नेणारा झाला. मी त्यांच्यामागे बाहेर गेले, दोन शब्द धीराचे बोलावेत म्हणून. तर कवळीकर गाडीपाशी उभे होते, आणि मघाशी उभा राहिलेला तो पेशंट, गाल सुजलेला, तोंडाला रुमाल लावलेला, टाकीवरच्या पितळी घोड्याकडे बघत होता.

"जुनी कंपनी ना?" त्याने रुमालातून विचारलं. "अजून तशीच दणकट असते का हो?"

कवळीकरांनी चष्मा कपाळावर चढवला. मी रिक्षावाल्याला हाक मारली. मला माहीत होतं, आत तीन मापं व्हायला वेळ लागणार, आणि बाहेर त्या बिचाऱ्याला तोंड उघडता येत नव्हतं.